कॅप बसवूनही दाढ त्रास देत राहते तेव्हा: दोष चाव्यात, फटीत, कडेत की पकडीत?

रूट कॅनाल पूर्ण झाले, दाढेवर कॅप बसली, पैसेही चुकते झाले, आणि तरीही त्या बाजूने भाकरीचा तुकडा चावताना कळ येते, ही तक्रार नवी नाही. रुग्ण परत जातो, दंतवैद्य दातांमध्ये कार्बन पेपर धरायला लावतात, ठसा जिथे गडद उमटतो तिथे कॅप थोडी घासतात, चार दिवस बरे वाटते आणि मग त्रास पुन्हा सुरू होतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ‘होईल सवय’ असे ऐकायला मिळते. काही वेळा खरोखरच सवय होते. काही वेळा मात्र सवय होते ती त्या बाजूने न चावण्याची, आणि मूळ दोष कॅपखाली तसाच राहून काही वर्षांनी किडलेल्या दाढेच्या रूपाने समोर येतो.

कॅप नीट बसली आहे का, हा एकच प्रश्न वाटला तरी त्यात चार प्रश्न आहेत. समोरच्या जबड्यातील दातांशी ती योग्य उंचीवर भेटते का, शेजारच्या दातांना योग्य दाबाने टेकते का, हिरडीजवळ तिची कडा दाताशी सलग मिळते का, आणि तिने दाताला घट्ट धरले आहे का. प्रत्येक ठिकाणच्या दोषाची लक्षणे वेगळी असतात आणि उपायही वेगळा असतो. त्रास वारंवार परत येण्याचे एक नेहमीचे कारण, माझ्या मते, हे आहे की दोष दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या ठिकाणी असताना उपचार मात्र दर वेळी पहिल्याच ठिकाणी केला जातो. वरून घासणे सोपे असते, पाच मिनिटांत होते आणि तात्पुरता आराम देते.

‘नीट बसणे’ म्हणजे नेमके किती नीट, याची कल्पना आधी असलेली बरी. कॅपसाठी दाढ सर्व बाजूंनी कोरून लहान केली जाते; कॅप कशाची आहे त्यानुसार चावण्याच्या बाजूने साधारणपणे दीड ते दोन मिलिमीटर जागा तयार केली जाते. मग रबरासारख्या पदार्थाने किंवा तोंडात फिरवायच्या स्कॅनरने माप घेऊन लॅबमध्ये कॅप तयार होते आणि सिमेंटने दाढेवर चिकटवली जाते. कॅपची कडा आणि दात यांच्यामध्ये शून्य फट कधीच नसते. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या दंतसंशोधकांनी १९७१ मध्ये १२० मायक्रॉन, म्हणजे ०.१२ मिलिमीटर, ही फटीची कमाल मर्यादा मांडली आणि आजही अभ्यासांत बहुधा तोच आकडा मोजपट्टी म्हणून वापरला जातो. एवढी बारीक फट सिमेंटने भरून निघते आणि बरीच वर्षे टिकते. ती आरशात दिसत नाही आणि जिभेलाही समजत नाही. त्यामुळे ‘बाहेरून तर छान दिसते’ या वाक्याला कॅपच्या बाबतीत फारसा अर्थ नाही.

चावा उंच लागणे

चार दोषांपैकी हा सर्वांत लवकर जाणवणारा दोष आहे. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा अगदी पातळ, सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्यात दाबाची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात आणि ती इतकी तीक्ष्ण असतात की दातांमध्ये सापडलेली वीस-तीस मायक्रॉन जाडीची वस्तूही माणसाला कळू शकते. हा थर मुळाच्या बाहेर असल्याने रूट कॅनालमध्ये तो काढला जात नाही. म्हणूनच ‘नस तर काढली आहे, मग दुखते कसे’ हा प्रश्न वाजवी वाटला तरी त्याचे उत्तर सरळ आहे: आतली नस गेली तरी बाहेरचा थर जिवंत असतो, आणि उंच कॅपवर प्रत्येक घासाला ठोका बसत राहिला की तो सुजतो.

अशा दुखण्याची ओळख अशी की ते चावतानाच होते, दाब काढला की थांबते किंवा लगेच कमी होते, आणि बोटाने दाढेवर ठोकले तर ती शेजारच्या दाढेपेक्षा जास्त दुखते. कधी कधी कॅपऐवजी तिच्या समोरची, म्हणजे दुसऱ्या जबड्यातील, चांगली दाढच दुखू लागते. तोंड मिटताना सगळे दात एकदम न भेटता आधी कॅप टेकते आणि मग बाकीचे दात भेटतात, असे जाणवले तर शंका जवळजवळ पक्की समजावी.

कॅप बसवली त्याच दिवशी हे का कळले नाही, याचे उत्तर बऱ्याचदा इंजेक्शनमध्ये असते. जबडा बधिर असताना आणि रुग्ण खुर्चीत आडवा असताना तो जसा चावतो तसा तो घरी बसून जेवताना चावत नाही. म्हणून चावा तपासताना बधिरता पूर्ण उतरलेली असावी आणि रुग्ण सरळ बसलेला असावा. नुसते ‘टक टक’ करून भागत नाही. जबडा डावीकडे, उजवीकडे आणि पुढे सरकवतानाही कॅप अडते का हे पाहावे लागते, कारण सरळ चाव्यात बरोबर असलेली कॅप घास दळताना एका उंचवट्यावर घासत असू शकते. तपासणीसाठी काही दंतवैद्य दोन रंगांचे कागद वापरतात, एका रंगाने सरळ चावा आणि दुसऱ्याने जबड्याची सरक. ठसा मोठा आणि गडद आहे म्हणजे दाब तिथेच जास्त आहे, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. त्यामुळे कागदावरचा ठसा आणि रुग्णाला जाणवणारी जागा या दोन्हींचा मेळ घालूनच घासणे योग्य ठरते.

घरी एक ढोबळ चाचणी करता येते. स्वच्छ, पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी कॅपच्या जागी दातांत हलकेच धरावी आणि ओढून पाहावी. मग तीच पट्टी पुढच्या दाढेवर आणि तोंडाच्या दुसऱ्या बाजूला धरून पाहावी. फक्त कॅपवरच पट्टी घट्ट धरली जात असेल आणि इतरत्र सहज सुटत असेल, तर कॅप उंच असण्याची शक्यता आहे. उलट सगळीकडे पट्टी अडकते आणि कॅपवरून मात्र सहज निघून येते, असे असेल तर कॅप बुटकी आहे. दवाखान्यात हेच काम आठ मायक्रॉन जाडीच्या धातूच्या पट्टीने होते आणि ते अर्थातच अधिक विश्वासार्ह असते.

बुटक्या कॅपबद्दल तक्रार क्वचितच येते, कारण ती दुखत नाही. पण तिच्यावर घास दळला जात नाही, आणि समोरच्या दाताला टेका न मिळाल्याने तो हळूहळू आपल्या जागेवरून पुढे सरकू शकतो. वारंवार घासून घेतलेली उंच कॅप शेवटी बुटकी होते, हाही याच गोष्टीचा एक भाग आहे.

उंच आहे, की खाली पोचलीच नाही?

उंच लागणाऱ्या कॅपचे दोन प्रकार असतात, आणि त्यांतला फरक न पाहता घासायला घेणे ही दवाखान्याच्या पुष्कळ फेऱ्यांमागची खरी अडचण असते. पहिल्या प्रकारात कॅप दाढेवर तळापर्यंत बसलेली असते, फक्त तिचा वरचा आकार थोडा जास्त असतो. ही वरून घासली की प्रश्न मिटतो. बहुधा एका, फार तर दोन बैठकींत. दुसऱ्या प्रकारात कॅपचा आकार बरोबर असतो, पण ती तळापर्यंत पोचलेलीच नसते. तिरके बसलेले डब्याचे झाकण वरून कानशीने घासले तर उंची कमी होईल, डबा बंद होणार नाही. इथेही तसेच होते. घासल्यावर चावा जुळतो, दुखणे कमी होते, आणि हिरडीजवळची कडा मात्र दातापासून सुटलेली राहते. त्या उघड्या फटीतले सिमेंट लाळेने झिजते, तिथे अन्नाचा थर साचतो आणि दाढ कॅपच्या आडून किडू लागते. रूट कॅनाल झालेल्या दाढेत नस नसल्यामुळे ही कीड दुखतही नाही, म्हणून ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

कॅप खाली न पोचण्याची कारणे अनेक असतात. शेजारच्या दातांना ती गरजेपेक्षा घट्ट टेकत असेल तर तिथेच अडकते. धातूच्या कॅपच्या आतल्या बाजूला ओतकामात राहिलेला एखादा बारीक गोळा, दाढेवर राहून गेलेले टेम्पररी सिमेंट, कडेखाली दबलेली हिरडी, माप घेताना रक्त आल्यामुळे अस्पष्ट उमटलेली कडा, यांपैकी काहीही पुरेसे असते. कधी कॅप निर्दोष असते आणि चिकटवतानाच सिमेंट जास्त भरल्यामुळे, किंवा ते घट्ट होऊ लागल्यावर दाबल्यामुळे, ती किंचित वर राहते.

यातले काय घडले असावे हे ओळखायला एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो: चिकटवण्यापूर्वी, ट्रायलच्या वेळी, कॅप उंच लागत होती का? ट्रायलला चावा बरोबर होता आणि सिमेंट लावल्यावर उंच लागू लागला, तर कॅप चिकटवताना वर राहिली असण्याची शंका प्रबळ असते आणि घासण्यापूर्वी कडा तपासणे आवश्यक ठरते. ट्रायललाच ती खूप उंच होती आणि बराच वेळ घासावी लागली, तर मापात, लॅबच्या कामात किंवा मधल्या काळात दात सरकण्यात काहीतरी गडबड झालेली असते. रुग्णाला हे आठवत असते. फक्त त्याला कोणी विचारलेले नसते.

मधल्या काळात दात सरकणे ही गोष्ट रुग्णांना सहसा माहीत नसते. टेम्पररी कॅप निघून पडली आणि ‘आता पक्की येणारच आहे’ म्हणून कोरलेली दाढ काही दिवस उघडी राहिली, तर शेजारचे दात तिच्याकडे किंचित कलू शकतात आणि समोरचा दात खाली किंवा वर येऊ शकतो. लॅबकडे मात्र माप जुनेच असते. त्यामुळे साच्यावर अचूक बसणारी कॅप तोंडात घट्ट आणि उंच लागते, आणि यात दोष ना लॅबचा असतो ना डॉक्टरांचा. टेम्पररी कॅप पडल्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती परत लावून घेणे हा यावरचा उपाय आहे.

या सगळ्यामुळे ट्रायलचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी बाजूचे टेके, मग कडा, मग चावा, आणि सगळ्यांत शेवटी सिमेंट. हा क्रम उलटा झाला आणि चावा आधी घासला गेला, तर नंतर बाजूचा अडथळा काढल्यावर कॅप खाली जाते आणि घासलेली उंची कमी पडते.

पक्क्या सिमेंटने बसलेल्या आणि कडा उघडी राहिलेल्या कॅपला घासण्याचा उपाय नाही, ती कापून नवी करावी लागते. हे कोणालाही ऐकायला आवडत नाही, डॉक्टरांनाही नाही. तरीही एकाच कॅपला तिसऱ्यांदा घासण्यापूर्वी एक्स-रे आणि कडेची तपासणी मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे मला वाटते. अति घासण्याचे स्वतःचे तोटेही असतात. पोर्सिलेनचा थर पातळ होऊन खालचा धातू दिसू लागतो किंवा पोर्सिलेनचा टवका उडतो. झिरकोनियाला, म्हणजे पांढऱ्या, कठीण सिरॅमिकला, मजबुतीसाठी किमान जाडी लागते, आणि घासून खरखरीत सोडलेला झिरकोनिया समोरच्या नैसर्गिक दाताला झिजवतो. म्हणून घासल्यावर कॅपला पुन्हा गुळगुळीत पॉलिश केले आहे का, हे जिभेने तपासून पाहावे. खरखर लागली तर तिथल्या तिथे सांगावे.

बाजूची फट आणि अडकणारे अन्न

कॅप बसवल्यापासून मेथीच्या भाजीचा दांडा, मटणाचा धागा किंवा कणसाचे साल एकाच ठिकाणी अडकू लागले असेल, तर बाजूचा टेका सैल आहे. याची परीक्षा घरी उत्तम होते, आणि तिला लागतो फक्त औषधांच्या दुकानात मिळणारा फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा. आधी तोंडातल्या ज्या दोन नैसर्गिक दातांमध्ये कधीच काही अडकत नाही त्यांच्यामधून तो घालून पाहावा. हलका विरोध होऊन तो टक्‌कन आत उतरतो. मग कॅपच्या दोन्ही बाजूंना तेच करावे. विरोध न होता दोरा सरळ आत गेला तर टेका सैल आहे. दोरा आत जातच नसेल, किंवा शेजारच्या दाताला सतत आवळल्यासारखे वाटत असेल, तर टेका अति घट्ट आहे. दोरा आत सहज गेला पण बाहेर काढताना हिरडीजवळ अडकून फाटला, तर तिथे कॅपची कडा बाहेर आलेली आहे, शिल्लक सिमेंट आहे किंवा शेजारच्या दाताला कीड आहे, आणि यांपैकी कोणतीही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

अति घट्ट टेका थोडा कमी करता येतो. सैल टेका घासून घट्ट होत नाही, हे वेगळे सांगायची गरज पडू नये, पण अन्न अडकते म्हणून गेलेल्या रुग्णाचाही चावाच घासला जातो म्हणून सांगावे लागते. कॅप अजून चिकटवलेली नसेल तर ती लॅबला परत पाठवून त्या बाजूला पोर्सिलेन वाढवता येते. चिकटवल्यावर दोनच मार्ग उरतात: नवी कॅप, किंवा शेजारच्या दाताला त्या बाजूने फिलिंग करायचेच असेल तर त्याच्या आकाराने फट भरून काढणे. तोवर टाचणी, आगकाडी किंवा कोरणी वापरू नये. तिने हिरडी जखमी होते आणि फट आणखी त्रासदायक बनते.

अन्न अडकण्याची प्रत्येक तक्रार मात्र कॅपचा दोष नसते. हिरडी खाली गेलेल्या वयस्क रुग्णांमध्ये दातांचा टेका घट्ट असूनही त्याखाली, मुळांच्या बाजूला, त्रिकोणी पोकळी असते आणि अन्न बाजूने शिरून तिथे बसते. फ्लॉस टक्‌कन उतरतो आणि तरीही अन्न अडकते, असे असेल तर ही शक्यता मोठी असते. अशा ठिकाणी नवी कॅप करून फरक पडत नाही, दातांमधून फिरवायचा बारीक ब्रश रोज वापरावा लागतो. इम्प्लांटवरच्या, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरच्या, कॅपचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. नैसर्गिक दात वर्षानुवर्षे किंचित सरकत राहतात आणि इम्प्लांट जागचा हलत नाही, त्यामुळे सुरुवातीला घट्ट असलेला टेका काही वर्षांनी सैल होऊ शकतो; त्याला बसवण्यातली चूक म्हणता येत नाही.

कडा आणि हिरडी

कडेचा दोष घरी ओळखणे सर्वांत अवघड आहे, कारण ती बहुधा हिरडीच्या रेषेवर किंवा किंचित खाली असते. तरी काही खुणा आहेत. बाकी तोंडाच्या हिरड्या निरोगी असताना फक्त कॅपभोवतीची हिरडी लाल, फुगीर राहते आणि ब्रशने लगेच रक्त येते; त्या जागी फ्लॉस फिरवून वास घेतला तर दुर्गंधी येते; किंवा नख हिरडीकडून वर नेताना कडेवर पायरी लागते. पहिल्या आठवड्यातली सूज काम केल्यामुळे असू शकते. महिना उलटूनही ती तशीच असेल तर कारण शोधावे.

कारणांमध्ये सर्वांत सोपे आणि सहज दूर होणारे म्हणजे हिरडीखाली राहून गेलेले सिमेंट. ते खरवडून काढले की हिरडी काही दिवसांत शांत होते. दुसरे कारण कॅपची कडा बाहेर फुगलेली असणे, आणि तिसरे ती दातापासून सुटलेली असणे. चौथे कारण थोडे समजावून सांगावे लागेल. हिरडी दाताला चिकटण्यासाठी हाडाच्या वर जवळजवळ दोन मिलिमीटर उंचीचा पट्टा लागतो. गार्गिउलो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये त्याची सरासरी २.०४ मिलिमीटर दिली होती. दाढ हिरडीखाली खोलवर मोडलेली किंवा किडलेली असेल आणि कॅपची कडा या पट्ट्यात घुसवली गेली असेल, तर कडा कितीही अचूक असली तरी हिरडी कायम सुजलेली राहते. अशा दाढेवर दोनदा कॅप बदलूनही फरक पडत नाही. आधी हिरडी आणि गरजेनुसार हाड थोडे खाली घेऊन दाताची उंची मोकळी करावी लागते, किंवा दात हळूहळू वर ओढून घ्यावा लागतो.

धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या कॅपच्या कडेला दिसणारी काळपट रेष पाहून पुष्कळ जण घाबरतात. ती बहुधा धातूची कड असते आणि हिरडी थोडी खाली गेल्यावर दिसू लागते. दिसायला ती वाईट असते, पण केवळ तिच्यावरून कॅप बसलेली नाही असे म्हणता येत नाही. रेषेच्या जागी खळगा लागतो का आणि तिथला दात मऊ झाला आहे का, हे दंतवैद्याने बारीक टोकाच्या हत्याराने तपासावे.

एक्स-रेची मदत घ्यावी, पण त्याच्या मर्यादा जाणून. कॅपच्या कडा पाहण्यासाठी दात मिटून काढलेला, वरच्या आणि खालच्या दाढा एकत्र दाखवणारा छोटा एक्स-रे उपयोगी असतो. पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे त्यासाठी पुरेसा स्पष्ट नसतो. छोट्या एक्स-रेतही फक्त शेजारच्या दातांकडच्या दोन कडा दिसतात. गालाकडची आणि जिभेकडची कडा कॅपच्या सावलीत लपते, ती हत्यारानेच तपासावी लागते. म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर कडेची तपासणी संपत नाही.

पकड सैल होणे

चावताना कॅप किंचित हलते, चिकट पदार्थ खाताना वर उचलल्यासारखी वाटते, किंवा दाबल्यावर खारट, घाण चव तोंडात येते, ही सिमेंट सुटल्याची लक्षणे आहेत. कॅप दाबून सोडली असता कडेशी लाळेचे बारीक बुडबुडे आले तर शंका उरत नाही. दोन-तीन दातांच्या ब्रिजमध्ये, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या कॅपमध्ये, हे विशेष फसवे असते, कारण एका टोकाचे सिमेंट सुटले तरी दुसरे टोक सगळे धरून ठेवते आणि सुटलेल्या टोकाखालची दाढ आतून किडत जाते.

कॅप निघून हातात आली तर ती फेकू नये. धुऊन छोट्या डबीत ठेवावी आणि आत पाहावे. आत फक्त सिमेंट असेल तर ती परत बसण्याची शक्यता चांगली आहे. आत दाताचा तुकडा किंवा फिलिंगचा गाभा अडकून आलेला असेल, तर दाढ मोडली आहे आणि नुसते चिकटवून भागणार नाही. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती कदापि लावू नये. गोंदाचा थर जाड होतो, कॅप तिरकी चिकटते आणि पुढे ती काढणेही अवघड होते. सैल कॅप तशीच ठेवून झोपणेही टाळावे, कारण झोपेत ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

एकदा निघालेली कॅप परत चिकटवणे ठीक आहे. वर्षभरात तीच कॅप दुसऱ्यांदा निघाली, तर सिमेंटला दोष देणे थांबवावे. कोरलेली दाढ फार बुटकी असते, किंवा तिच्या बाजू इतक्या निमुळत्या झालेल्या असतात की कॅपला धरायला काही उरत नाही, किंवा खाली कीड असते, किंवा रुग्ण झोपेत दात खात असतो. पहिल्या दोन बाबतींत दाढेचा गाभा नव्याने बांधून किंवा हिरडी खाली घेऊन उंची वाढवावी लागते. दात खाणाऱ्याला रात्री घालायची प्लेट द्यावी लागते.

जे दुखणे कॅपच्या बसण्याचे नसते

रूट कॅनाल न केलेल्या दाढेवर कॅप बसवल्यानंतर थोडे दिवस थंड लागणे सामान्य आहे, आणि ते दिवसागणिक कमी होत गेले पाहिजे. गरम चहाने ठणका लागून तो मिनिटभर टिकणे, रात्री आपोआप ठणकणे, झोप मोडणे, ही आतली नस खराब होत असल्याची चिन्हे आहेत. चावा कितीही घासला तरी ती थांबणार नाहीत. चावताना नव्हे, तर चावून सोडताना तीव्र कळ आली तर दाताला तडा गेल्याची शंका घ्यावी. रूट कॅनाल झालेल्या दाढेजवळच्या हिरडीवर पुळी येऊन जात असेल, तर मुळाशी संसर्ग आहे. सर्दी झाल्यावर वरच्या तीन-चार दाढा एकदम जड होऊन दुखत असतील, तर त्यातली एक कॅपची आहे म्हणून तिच्यावर ठपका ठेवू नये. सायनस भरल्याने असे होते.

दवाखान्यात जाताना वेदनाशामक गोळी घेऊन जाऊ नये, कारण चाव्याची जाणीव तीच बोथट करते. ‘दुखते’ एवढेच सांगण्यापेक्षा कधी, कशाने, किती वेळ आणि नेमके कुठे हे सांगितले, ट्रायलच्या वेळचा अनुभव सांगितला आणि अन्न अडकण्याची बाजू बोटाने दाखवली, तर अर्धे निदान तिथेच होते. चावा घासल्यावर सुजलेला थर शांत व्हायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, तेवढा धीर धरावा. त्या मुदतीत दुखणे कमी होण्याच्या दिशेने जायला हवे. नवी कॅप करताना शंका वाटत असेल तर ती आधी टेम्पररी सिमेंटने लावून काही दिवस वापरून पाहता येईल का, हे विचारावे. काही सिरॅमिक कॅप चिकटवल्याखेरीज पुरेशा मजबूत नसतात, त्यांच्या बाबतीत हे शक्य नसते.

दुसरे मत हवे असेल तर कृत्रिम दंतशास्त्राचे पदव्युत्तर विभाग असलेल्या शासकीय किंवा पालिकेच्या महाविद्यालयांत जाणे सोयीचे पडते; मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय ही त्यांतली काही. तिथे वेळ जास्त जातो, पण नवी कॅप विकण्याची घाई नसते. झिरकोनिया कॅपसोबत मिळणारे वॉरंटी कार्ड जपून ठेवावे आणि त्यावर काय लिहिले आहे तेही वाचावे. ती हमी बहुधा कॅप फुटण्याची असते. खालची दाढ किडली किंवा बाजूला फट राहिली, तर ते कार्ड सहसा उपयोगी पडत नाही. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काहीही सुरू झाले, तर कॅप बसली की नाही हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना किंवा रुग्णालय गाठावे.